रस्त्यावर मेलेलं बाऊल

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. सकाळी सव्वासहाला मी मामांसोबत बाईकवरून नारायणगावहून जुन्नरला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला मातकट रंगाचं काहीतरी पडलेलं दिसलं. आधी कुत्रं वाटलं. पण शेपूट आखूड आणि टोकाकडं काळी कडी, म्हणून गाडी वळवून मागं आलो. रानमांजर होतं, आमच्याकडं त्याला बाऊल म्हणतात.

अंग अजून कोमट होतं. नाकातून थोडं रक्त, बाकी कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. वाकून बघितलं तर एकेका केसात फिकट आणि काळे पट्टे, त्यामुळंच लांबून सगळं अंग वाळल्या गवतासारखं दिसतं, कानांच्या टोकाला काळ्या केसांचा छोटा झुपका, पुढच्या पायांवर आतून आडवे पट्टे. अंग गार पडायला लागलं तशा पिसवा कानामागून वर येत होत्या. ते बघून मला कसंतरीच झालं.

मामा म्हणाले, "कातडं काढून मीठ लावून ठेव, किती सुंदर आहे बघ." खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, प्रयोगशाळेत बरणीतले दोन साप आणि एक बेडूक सोडून काही नाही. गाडीने मारलेलं, आपण थोडंच मारलंय, मग कातडं वाया का घालवायचं? पण कायद्यात तसं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणं असा मेलेला वन्यप्राणीही सरकारचा, कातडं, नखं, दात सगळं. तो कुणाच्या हातात आला तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवावं लागतं आणि मागितला तर ताब्यात द्यावा लागतो. आणि मला हे पटतं. सापडलेलं कातडं ठेवायची मुभा असती तर मारून आणलेलं प्रत्येक कातडंही "रस्त्यावर सापडलं" असंच झालं असतं, घरात बघून कोण ओळखणार कुठलं कसं आलं?

मग 1926 ला फोन लावला, ही वनखात्याची हेल्पलाईन. तोवर जागेचं लोकेशन घेतलं, बाजूला पेन ठेवून फोटो काढले, परत हात लावला नाही. तासाभरात वनरक्षक आले, पंचनामा केला, पोत्यात घालून घेऊन गेले. मामा तोपर्यंत चहाच्या टपरीवर, वैतागलेले.

कारखाने चालू झाले की ऊसतोड लागते, आज या रानात आडोसा आहे तर उद्या नाही, मग ही जनावरं रस्ता ओलांडत राहतात. त्यात उंदीर खायला बाऊल कडेलाच फिरतं, आणि वरनं अप्पर टाकून येणाऱ्या गाड्या, डोळ्यावर उजेड पडला की ते जागीच थबकतं. आपल्याच उसातले उंदीर खाणारं जनावर हो हे! तिकडं पेंचजवळ 44 नंबरच्या हायवेखालून प्राण्यांसाठी मोठे भुयारी मार्ग केलेत, तिथल्या कॅमेऱ्यात वाघाबरोबर रानमांजरंही दिसलीत. आमच्या रस्त्यांना निदान उसाच्या पट्ट्यात गतिरोधक तरी द्या, एवढंच मागणं आहे.

सोमवारी आठवीच्या वर्गात फोटो दाखवले. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, हे तर आमच्या बांधावर रोज संध्याकाळी येतं." शाळा सुटल्यावर आम्ही पाचसहा जण त्याच्या रानात गेलो. पाटाच्या ओल्या मातीत पाऊल उमटलेलं होतं, चार बोटं, नखांची खूण नाही, मांजराचंच. कार्डबोर्डची पट्टी गोल लावली, प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं, अर्धा तास सगळे गप्प उकिडवे बसले होते. आता तो ठसा प्रयोगशाळेत बेडकाच्या बरणीशेजारी आहे, खाली पोरांनीच लिहिलंय, "बाऊल, पुढचा डावा पाय, जिवंत".