बंद पडलेला जुना लॅपटॉप : ‘मदरबोर्ड गेला’ म्हणण्याआधी

‘लॅपटॉप चालू होत नाही’ या तक्रारीत तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही, हा पहिला. दिवे लागतात, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते, हा दुसरा. कंपनीचं चिन्ह दिसतं आणि विंडोज येण्याआधीच सगळं अडतं, हा तिसरा. यातला आपला कोणता, हे आधी ठरवा. ते न ठरवता सुटे भाग विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

इथे डोळ्यांसमोर आहेत ते साधारण २०१० ते २०१५ मधले लॅपटॉप: बॅटरी बाहेर काढता येते, रॅम (मेमरीची पट्टी) स्लॉटमध्ये बसते, डिस्क अडीच इंची असते. डेल लॅटिट्यूड, थिंकपॅड, एचपी प्रोबुक अशी सेकंडहँड बाजारात आजही दिसणारी यंत्रं. ती दणकट आहेत आणि दुरुस्त करण्यासारखीही आहेत.

एकही दिवा लागत नाही

सुरुवात चार्जरपासून. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि डीसी व्होल्टेजच्या २०० च्या रेंजवर ठेवा. स्वस्त मीटरची २० ची रेंज १९.९९ पर्यंतच दाखवते. थिंकपॅडचा चार्जर २० व्होल्टचा असतो, त्यामुळे त्या रेंजवर नुसता ‘१’ दिसतो आणि चांगला चार्जर खराब ठरतो. डेलला १९.५, एचपीला १८.५ किंवा १९.५, एसर आणि आसुसच्या बहुतेक मॉडेल्सना १९ व्होल्ट लागतात. नेमका आकडा चार्जरवरच छापलेला असतो. रीडिंग त्याच्या अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं.

गोल पिनमध्ये आतली भिंत पॉझिटिव्ह आणि बाहेरची निगेटिव्ह असते. डेल आणि एचपीच्या जाड पिनच्या मध्यभागी एक बारीक सुई दिसते. ती वीज देण्यासाठी नसून चार्जर किती वॉटचा आहे ते लॅपटॉपला कळवण्यासाठी असते. मीटरचं लाल टोक आतल्या भिंतीला लावा, पण ते भिंतीला आणि सुईला एकाच वेळी टेकू देऊ नका. ओळख पटवणारा भाग त्याने जळू शकतो. डेलमध्ये ही सुई वाकली किंवा तिची तार तुटली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही मंदावतो.

रीडिंग बरोबर आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. मीटरकडे बघत वायर पिनजवळ आणि डबीजवळ हलवून पाहा. आतली तार बहुधा याच दोन ठिकाणी तुटते. शिवाय जुना चार्जर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि भार पडला की कोसळतो. म्हणून तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा चार्जर लावून बघणं हीच खरी परीक्षा.

त्यानंतर चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डावर पॉवरचा कारभार बघणारी एक छोटी चिप असते. ती कधीकधी अडकून बसते आणि उरलेली वीज निघून गेली की पुन्हा शुद्धीवर येते. आता बॅटरी न लावता फक्त चार्जरवर सुरू करा. सुरू झाला आणि बॅटरी लावताच पुन्हा अडला, तर दोष बॅटरीचा. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

एक खूण फार उपयोगाची आहे. चार्जरवर दिवा असेल आणि पिन लॅपटॉपला लावताच तो विझत असेल, तर लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. बऱ्याच मॉडेल्समध्ये चार्जिंगचा जॅक वेगळ्या छोट्या केबलवर असतो. ती केबल बोर्डापासून सोडवून पुन्हा पिन लावा. दिवा तरीही विझला तर जॅक खराब, आणि तो स्वस्तात बदलता येतो. दिवा टिकला तर शॉर्ट बोर्डावर आहे. अनेकदा मुख्य पॉवर लाइनवरचा एखादा सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) शॉर्ट झालेला असतो. हे काम चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याचं. त्यासाठी अख्खा बोर्ड बदलायची गरज नसते.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

अंधारात मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधूक अक्षरं दिसली तर फक्त बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. टीव्ही किंवा मॉनिटर जोडल्यावर तिथे चित्र आलं तर स्क्रीन किंवा तिची केबल बघा. दोन्हीकडे काही नसेल तर पाळी रॅमची. या गटातले सर्वाधिक लॅपटॉप इथेच जिवंत होतात, म्हणून घाई करू नका.

चार्जर आणि बॅटरी काढून बटण दहा सेकंद दाबा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी तिरकी वर येते. तिचे सोनेरी दात पांढऱ्या मऊ खोडरबराने आतून कडेकडे हलकेच घासा, तेही लॅपटॉपपासून दूर, नाहीतर खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये जाईल. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. सँडपेपर कधीच नको. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत बंद पडून राहिलेल्या यंत्राच्या स्लॉटमध्ये हिरवट थर आढळतो. तिथे मऊ कोरडा ब्रश फिरवा.

दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट असतील तर एका वेळी एकच पट्टी, असे चार प्रयोग करा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबा, कारण रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो. शेवटी रॅम पूर्ण काढून बटण दाबा. आता बीप वाजले किंवा दिवे वेगळ्या लयीत लुकलुकले, तर प्रोसेसर आणि बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) शाबूत आहेत. काहीच फरक पडला नाही, तरच बोर्डावर संशय घ्या.

नवी रॅम घेताना लेबल नीट वाचा. इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. जुनी १.५ व्होल्टची डीडीआर३ त्याच २०४ पिनांची असल्याने स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण यंत्र सुरू होत नाही.

याहून जुन्या लॅपटॉपमध्ये स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिपही बघावी लागते. अशा चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये आपल्या काही लॅपटॉप चिपांच्या जोडणीतला कमकुवतपणा मान्य करून त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली होती. अशी चिप हीट गनने तापवली की लॅपटॉप काही दिवस चालतो. पण दोष चिपच्या पोटात असतो, तिच्याखालच्या सोल्डरमध्ये नसतो, त्यामुळे तो परत येतोच. त्या दुरुस्तीवर पैसे घालू नका.

चिन्ह दिसतं, पुढे जात नाही

तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. लॅपटॉपमध्ये तो बहुधा प्लास्टिकच्या वेष्टणात, दोन वायरी जोडलेला असतो. ३ व्होल्टच्या जागी अडीचच्या खाली रीडिंग आलं की बदला. सेल संपल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. अनेक डेल लॅटिट्यूडमध्ये तेव्हा डिस्कचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) ‘रेड’ (RAID) होतो. विंडोज एएचसीआय (AHCI) या दुसऱ्या मोडमध्ये टाकलेलं असेल तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी स्क्रीन येते. बायोसमध्ये जाऊन मोड एएचसीआय केला की काम होतं. याच निळ्या स्क्रीनला घाबरून लोक डिस्क फॉरमॅट करून टाकतात, त्याचं फार वाईट वाटतं.

सेल ठीक असेल तर डिस्क तपासा. लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवा. ते व्यवस्थित चाललं तर बाकी लॅपटॉप बहुधा निरोगी आहे. आता ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या कमांडने ५, १९७ आणि १९८ क्रमांकाचे आकडे, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी, बघा. शेवटच्या रकान्यात शून्याऐवजी वाढते आकडे दिसले तर विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर त्याचा ताण जीवघेणा ठरतो. आधी खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या ‘डीडीरेस्क्यू’ प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा आणि फायली त्या प्रतीतून शोधा. नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) ७ मिलिमीटर जाडीची असते आणि जुनी जागा बहुधा ९.५ ची. सोबत प्लास्टिकची चौकट मिळाली असेल तर ती लावा, म्हणजे ती कनेक्टरवर हलणार नाही.