हल्ला दुसऱ्यावर, फोन आम्हाला

"मॅडम, नेट चालंना झालंय की ओ! मघापासनं नुसतं गोल फिरायलंय."

२०१५ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी असे फोन सुरू झाले आणि आमच्या कस्टमर केअरच्या मुलींना पाणी प्यायचीही उसंत मिळेना. शाळांना सुट्ट्या, आयपीएल चालू, बाहेर ऊन. नेट बंद पडायला याहून वाईट वेळ नाही.

मी तेव्हा सांगली भागातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत होते. लायसन्स सी कॅटेगरीचं, म्हणजे साधारण एका जिल्ह्यापुरता धंदा. बँडविड्थ मुंबईहून यायची आणि गावोगावच्या केबलवाल्यांमार्फत घरोघरी पोचायची. सर्व्हर सगळे माझ्याकडे. त्यात डीएनएसची दोन मशीन होती. ग्राहकानं साइटचं नाव टाकलं की तिचा आयपी पत्ता शोधून द्यायचा, एवढंच त्यांचं काम. बिलिंगचा सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तर मालक स्वतः जिना उतरून यायचे, डीएनएससाठी नवीन मशीन मागितलं की "चालतंय ना?" हे उत्तर ठरलेलं.

त्या संध्याकाळच्या तक्रारी विचित्र होत्या. फेसबुक उघडत नाही, पण सकाळी लावलेलं टोरंट जोरात चालू. कुणाचं पान दोन-तीनदा रिफ्रेश केल्यावर यायचं, शेजारच्याचं अजिबात नाही. मुंबईच्या लिंकचा ग्राफ खाली आला होता, पण तळाला गेला नव्हता. माझ्या टेबलावरून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सगळ्यांना खुल्या डीएनएस सर्व्हरला, पिंग करून पोच तपासली तर एकही पॅकेट गळत नव्हतं. लाइन शाबूत होती, नावं तेवढी सापडत नव्हती.

सर्व्हर बघितला. सीपीयू निवांत, मेमरी मोकळी. लॉगमध्ये मात्र एकाच ओळीचा पाऊस: 'नो मोअर रिकर्सिव्ह क्लायंट्स: कोटा रीच्ड'.

आमच्या डीएनएस मशीनवर बाइंड हे सॉफ्टवेअर होतं. ज्या नावाचं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे आधीच्या उत्तरांच्या साठ्यात, नसतं ते बाइंडला बाहेर विचारून आणावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत तो प्रश्न एक जागा अडवून बसतो. अशा जागा मुळात १०००. एरवी त्या कधी भरायच्याच नाहीत, कारण लोक विचारून विचारून काय विचारणार? गूगल, यूट्यूब, आयआरसीटीसी. ती उत्तरं कॅशमध्ये तयारच असतात. आता हजारच्या हजार जागा भरलेल्या आणि दारात आलेला खरा ग्राहक परत जात होता. मी आकडा वाढवून पाहिला. वाढवलेल्या जागाही बघता बघता भरल्या.

मग बाइंडला आत अडकलेल्या सगळ्या प्रश्नांची यादी फाइलीत ओतायला सांगितलं. फाइल उघडली आणि चित्र बरंचसं स्पष्ट झालं. प्रत्येक ओळीत आधी अर्थहीन अक्षरांची खिचडी, मग टिंब, आणि पुढे दर वेळी तेच एक नाव, चीनमधल्या कुठल्याशा ऑनलाइन गेमच्या साइटचं. खिचडी दर ओळीला वेगळी, म्हणून कॅश निरुपयोगी. प्रत्येक प्रश्न त्या साइटच्या डीएनएस सर्व्हरकडे जात होता, तो सर्व्हर अशा माऱ्यानं आधीच आडवा झालेला, आणि आमचं बाइंड त्याच्या उत्तराची वाट बघत बसलेलं. एका प्रश्नानं दहा सेकंद जागा अडवली असं धरलं, तर १००० जागा भरायला सेकंदाला शंभर बनावट प्रश्न पुरतात. शंभर प्रश्न म्हणजे काहीच नाही, कुठल्याही ग्राफवर ते दिसतही नाहीत. २०१४ पासून जगभरच्या इंटरनेट कंपन्यांना हा त्रास सुरू झाला होता. मी त्याबद्दल वाचलं होतं, पाहिला पहिल्यांदाच.

पण हे प्रश्न विचारत कोण होतं? आमचा सर्व्हर जगाला उघडा नव्हता. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमविरोधी काम करणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेवर सेकंदाला ३०० गिगाबिटच्या घरातला हल्ला झाला, तो उघड्या डीएनएस सर्व्हरांच्या जोरावर. त्याच्या बातम्या आल्या तेव्हाच मी यादी पक्की केली होती: आमच्या ग्राहकांचे पत्ते सोडून कुणालाही उत्तर द्यायचं नाही. यादी तपासली, बरोबर होती. आत अडकलेला एकूण एक प्रश्न आमच्याच ग्राहकाकडून आलेला होता.

नेटवर्कचा सहकारी म्हणाला, "व्हायरस असणार. लोकांचे पीसी बघितलेत का?" पटण्यासारखं होतं. पण अडकलेल्या प्रश्नांची यादी पुन्हा चाळताना एक गोष्ट खटकली. आमचे जुने ग्राहक पब्लिक आयपीवर होते. पत्ते संपत आल्यावर नवीन ग्राहकांना आम्ही नॅटमागे, म्हणजे अनेकांत मिळून एका पब्लिक पत्त्यामागे, टाकत होतो, १००.६४ नं सुरू होणारे पत्ते देऊन. त्या यादीत १००.६४ चा एकही पत्ता नव्हता! पीसीतल्या व्हायरसला ग्राहक जुना की नवा याच्याशी काय देणंघेणं? फरक एकच होता. जुन्या ग्राहकांपर्यंत बाहेरून थेट पोचता येत होतं, नव्यांपर्यंत नाही.

मोबाइल दुसऱ्या कंपनीच्या डेटावर घेतला, लॅपटॉप त्याला जोडला आणि यादीतल्या एका ग्राहकाच्या आयपीला बाहेरून डीएनएसचा प्रश्न टाकला. त्याच्या घरातल्या राउटरनं नम्रपणे उत्तर दिलं. दुसरा पत्ता, तसाच. तिसराही. हे राउटर आम्हीच कनेक्शनबरोबर दिलेले, खरेदीवाल्यांनी घाऊक भावात उचललेले. घरातल्या माणसांचे डीएनएस प्रश्न आमच्याकडे पुढे ढकलणं हे त्यांचं काम. ते घराबाहेरून आलेलेही प्रश्न तितक्याच इमानानं ढकलत होते. आमच्या सर्व्हरला दिसायचा तो ग्राहकाचा पत्ता, त्यामुळे कुणाला उत्तर द्यायचं ती यादी बरोबर असूनही तिचा उपयोग शून्य. घरातली माणसं बिचारी आयपीएल उघडत नाही म्हणून आम्हाला शिव्या देत होती आणि त्यांच्याच टीव्हीखालची डबी चीनमधल्या साइटवर मारा करत होती.

आमच्या जाळ्याच्या सीमेवरच्या राउटरवर पाहिलं तर हे प्रश्न जगभरातल्या पत्त्यांवरून येताना दिसत होते. त्यातले बहुतेक खोटे असणार. खोटा पत्ता लावलेलं पॅकेट आपल्या जाळ्यातून बाहेर जाऊ देऊ नये, हे आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजात २००० सालीच लिहून ठेवलंय. ज्यांनी ते पाळायचं ते पाळत नाहीत आणि फोन आमच्याकडे वाजतात. तक्रार करायची तरी कुणाकडे?

तातडीचा उपाय म्हणून त्या साइटच्या नावाचा एक रिकामा झोन, म्हणजे नावांची कोरी यादी, आमच्याच सर्व्हरवर बनवला. आता बाहेर विचारणं नाही, वाट बघणं नाही. 'असं नावच नाही' हे उत्तर तिथल्या तिथे. काही मिनिटांत फोन थांबले. दुसऱ्याच्या नावाबद्दल आपल्या सर्व्हरनं खोटं बोलावं हे मला आवडत नाही. साइट तशीही मेलेली होती, म्हणून केलं. फाइलीत तारीख आणि 'काढून टाकणे' असा शेरा लिहिला, कारण असे झोन विसरले जातात आणि वर्षभरानं कुणीतरी डोकं धरून बसतं. रात्री जेवायला डबा उघडला तोवर मारा दुसऱ्या नावावर सरकला होता. पुन्हा झोन. मग तिसरं नाव. हे असं पहाटेपर्यंत खेळता आलं असतं.

खरा उपाय सीमेवर होता: बाहेरून ग्राहकांच्या ५३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे डीएनएसच्या दारावर, येणारी यूडीपी पॅकेटं अडवायची. घरगुती ग्राहकाकडे बाहेरच्यानं डीएनएस विचारायला येण्याचं काही कारणच नाही. तरी सीमेवरच्या मायक्रोटिक राउटरवर तो नियम आधी पासथ्रूवर ठेवला, म्हणजे तो फक्त मोजतो, अडवत नाही. आणि मोजलेली पॅकेटं उघडून बघितली तर त्यात चक्क ८.८.८.८ कडून येणारी उत्तरं. उत्तरं ५३ वर कशी येतील? प्रश्न ५३ वरून गेले असतील तरच. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्कीनं दाखवून दिलं की प्रश्न नेहमी एकाच पोर्टवरून गेले तर खोटं उत्तर घुसवणं किती सोपं होतं. त्यानंतर जगभरची डीएनएस सॉफ्टवेअरं दर प्रश्नाला वेगळं पोर्ट वापरू लागली. आमच्या घाऊक राउटरांपर्यंत ती बातमी सात वर्षांत पोचली नव्हती. पण आमचे राउटर तर आमच्या सर्व्हरला विचारतात, त्यांचे प्रश्न गूगलकडे का जावेत?

लाइनमनांच्या मुकादमांना फोन लावला.

"अण्णा, पोरांनी कुणाच्या राउटरमध्ये ८.८.८.८ टाकलंय का?"

"टाकलंय की. संध्याकाळपासनं तेच करायलोय. टाकलं की चालतंय."

"यादी द्या."

"यादी? मॅडम, कुणाला नाही टाकलं ते विचारा."

मी नियम तसाच चालू केला असता तर अण्णांच्या पोरांनी दारोदार फिरून चालू केलेली सगळी घरं एका झटक्यात अंधारात गेली असती, आणि या वेळी तर कारणही सापडलं नसतं. मग गूगलच्या दोन पत्त्यांवरून ५३ वरून येणारी उत्तरं सोडायची आणि बाकी सगळं पाडायचं, असा नियम केला. स्टॅटिक आयपी घेऊन स्वतःचा डीएनएस चालवणारे दोन-चार ग्राहक होते, त्यांनाही वगळलं. नियम पासथ्रूवरून ड्रॉपवर आणला तसे बाइंडमधले अडकलेले प्रश्न भराभर उतरले. झोन काढून टाकले.

सकाळी मालकांनी बोलावलं. "हल्ला आपल्यावर नव्हता म्हणताय, मग आपलं नेट का बंद पडलं?" मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "राउटर बदलायचे तर किती?" आकडा ऐकून विषय तिथंच थांबला. डीएनएसचं नवीन मशीन मात्र लगेच मंजूर झालं. सेंट-ओएस ७ या लिनक्सबरोबर येणाऱ्या बाइंड ९.९.४ मध्ये एकेका झोनसाठी मर्यादा घालायची सोय नव्हती, म्हणून पुढे नवीन मशीनवर अनबाउंड हे दुसरं डीएनएस सॉफ्टवेअर बसवलं. त्यात एका झोनकडे सेकंदाला किती प्रश्न जाऊ द्यायचे हे ठरवता येतं.

आणि एक पद्धत मी पाडून घेतली. राउटरची नवीन ऑर्डर देण्याआधी एक नग माझ्या टेबलावर यायचा. मी तो पब्लिक आयपीवर लावायचे, मोबाइलच्या डेटावरून त्याला प्रश्न टाकायचे, आणि उत्तर आलं तर परत पाठवायचे. खरेदीवाले वैतागायचे, कारण नापास होणारा नग नेहमी स्वस्तातला असायचा. कोल्हापूरचा एक पुरवठादार तर खोकं उचलता उचलता म्हणाला, "मॅडम, उत्तर देतोय म्हणून नापास करणारं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच."