पाणी न देण्याची ड्युटी

ऑपरेशनआधी पेशंटचं पाणी बंद ठेवणं आम्हा सिस्टर लोकांना नवीन नाही. पण त्या दिवशी तहान हाच ज्याचा आजार, त्याला मी सकाळी सातपासून पाणी नाकारत होते.

करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा पंचविशीतला पोरगा. दिवसाला अकरा लिटर लघवी, आम्हीच मोजलेली. आगीपुढं बसतोय म्हणून तहान, असं घरच्यांनी धरलेलं. रक्तातली साखर नॉर्मल. कुणीतरी ‘पाणी कमी पी’ म्हणून सांगितलं होतं, त्याचा मला अजून राग येतो. पाच महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला होता, हे आईनं बोलता बोलता सांगितलं, तेव्हा डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर गाळते आणि त्यातलं ९९ टक्के पाणी परत घेते. मीठ आणि बहुतेक पाणी सुरुवातीच्या भागातच परत जातं. शेवटच्या नळ्यांतून किती ओढायचं, ते व्हॅसोप्रेसिन ठरवतं. हे संप्रेरक मेंदूतून येतं. ते आलंच नाही तर त्या नळ्या पाण्याला बंद राहतात. मीठ अंगात राहतं, पाणी वाहून जातं. पोरगा पीत होता म्हणूनच त्याचं सोडियम सांभाळलं गेलं होतं.

पाणी तोडल्यावरही लघवी पातळच राहते का, हे त्या दिवशी तपासायचं होतं. म्हणून बाथरूमचा नळसुद्धा बंद केला होता. दर तासाला वजन, दर तासाला लघवीचं माप. बाराला वजन ६२ वरून ६०.५ किलो, रक्तातलं सोडियम १४८, म्हणजे चढलेलं. आणि मापाच्या जगमधली लघवी कशी, तर नळाच्या पाण्यासारखी. घनता १.००२.

“सिस्टर, घोटभर द्या की ओ. जीभ टाळूला चिकटलीया.”

मी त्याचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते?

एक वाजता डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन दिलं. व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध. तीन वाजता जग उजेडाकडं धरला. लघवी थोडीच होती आणि पिवळी. घनता १.०१४. किडन्या धडधाकट होत्या, त्यांना निरोपच पोचत नव्हता. मग डॉक्टरांनी मोजून पाणी द्यायला सांगितलं. पहिला पेला मीच दिला.

रात्री तो एकदाच उठला. सकाळी आई उशाशी ठेवलेली कळशी वाकडी करून बघत होती. निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक होतं.