बेरिएट्रिक सर्जनकडे पहिल्यांदा जाण्याआधी: माझा अनुभव

वजनाच्या ऑपरेशनचा विषय घरात काढला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भात बंद कर, कापाकापी कशाला?" भात मी इतक्यांदा बंद केलाय की आता त्यालाही माझं काही वाटत नसेल. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, मधुमेहाच्या गोळ्या, दुखरे गुडघे, आणि घोरणं असं की भिंतीपलीकडे ऐकू जावं. शेवटी आमच्या सांगलीतल्या फॅमिली डॉक्टरांनीच पुण्याच्या एका सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली मिळाली. बरंच झालं, तेवढा वेळ तयारीला लागलाच.

सगळ्यात आधी मी मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचली. ऑपरेशनचे व्हिडिओ बघण्याआधी हे करा, असं मी कुणालाही सांगेन. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय. माझा आला ३७.७. डॉक्टरमंडळींचे निकष आता बरेच सैल झालेत. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून सांगितलं, की बीएमआय ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी ही रेघ २७.५ वर आणावी. आपल्याकडे पोटावरची चरबी लवकर साठते, शुगर कमी वजनातच मागे लागते, म्हणून.

पॉलिसीतलं कलम मात्र वेगळं बोलतं. ते विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाने ठरवून दिलेलं असल्यामुळे बहुतेक पॉलिसींत तेच सापडेल. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. ३५ ते ४० च्या मध्ये असाल, तर साधे उपाय करून थकल्याचं दिसायला हवं आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. गुडघेदुखी त्या यादीत नाही. जिना चढताना जी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते, तिची कागदावर किंमत शून्य!

म्हणून फाइल त्या हिशोबाने लावली. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचे, म्हणजे एचबीएवनसीचे जेवढे रिपोर्ट सापडले तेवढे तारखेप्रमाणे. आधीच्या डाएटिशियनचे कागद, जिमच्या पावत्यासुद्धा. वजनाचा इतिहास फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरवर आयताच होता. बाळंतपणाआधी ६१, नंतर ७२, आणि थायरॉइड निघालं त्या वर्षी सरळ ८३. चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घातल्या, कारण नावं सांगताना माझी गडबड होते.

खाण्याची वही लिहिणं सगळ्यात जिवावर आलं. उपमा, दोन पोळ्या, भाजी, असं लिहायला काय जातं? पण लेकाच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, बँकेत चहाबरोबर सरकणारी बिस्किटं, आणि रात्री टीव्हीपुढे जयसिंगपूरचं भडंग, "वाटीभर" म्हणून सुरू झालेलं. संकष्टीला तर साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू. उपासाच्या दिवशी मी रोजच्यापेक्षा जास्त खाते हे वहीनेच दाखवलं. पुण्यातल्या डाएटिशियनने ती पानं उलटून पहिलं वाक्य काढलं, "मॅडम, तुम्ही जेवता कमी, चरता जास्त." राग आला, पण वही माझ्याच अक्षरातली होती. लहान झालेल्या पोटातही भडंग दिवसभर थोडं थोडं आरामात जातं, म्हणून त्यांना हे आधी कळायला हवं असतं.

ओपीडीत एक गोष्ट चटकन जाणवली: खुर्च्या रुंद आणि बिनहाताच्या. बीपी घ्यायला सिस्टरने मोठा पट्टा आणला. नेहमीचा पट्टा जाड दंडाला लहान पडला की बीपी उगाच जास्त दाखवतो, हे तिनेच सांगितलं. शेजारी कराडकडच्या एक मावशी होत्या. फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं, "तंबाखू?" "छे, बाई." "मिश्री?" "ती लावतेच की, सकाळ-संध्याकाळ." मुलीने शांतपणे तंबाखूपुढे 'हो' अशी खूण केली. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, पोटाच्या बायपासनंतर, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात त्या ऑपरेशननंतर, अल्सरची भीती वाढते. तेव्हा मिश्रीही सांगायचीच.

सर्जननी चिठ्ठी वाचली, मग सगळा वेळ ॲसिडिटीवर घालवला. रात्री आंबट वर येतं का, उशा किती घेता, गोळी रोज लागते का. कारण स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि त्यानंतर जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये सहसा ती कमी होते. पण बायपासनंतर गुडघ्यांसाठी मी घेते तसल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात. म्हणजे ॲसिडिटी आणि गुडघे, माझ्या दोन दुखण्यांची दिशा उलटी. एंडोस्कोपी झाल्याशिवाय ठरवायचं नाही, असं ते म्हणाले, आणि मला ते पटलं.

ह्यांनी मध्येच विचारलं, "डॉक्टर, किती उतरेल गॅरंटीने?" गॅरंटी नाही, सरासरी सांगतो, म्हणाले: एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के, वर्ष-दीड वर्षात, आणि पुढे त्यातलं थोडं परतही येतं. म्हणजे मी सत्तरच्या आसपास. माझ्या यादीतले बाकीचे प्रश्न भराभर झाले. टाक्यातून गळती झाली तर कसं कळेल? नाडी वाढते, ताप येतो, पोट दुखतं; थांबायचं नाही, लगेच यायचं. केस? पहिल्या काही महिन्यांत गळतात, बहुतेकांचे परत येतात. बी१२ आणि बाकी व्हिटॅमिन? आयुष्यभर. हे ऐकून ह्यांनी महिन्याचा खर्च विचारला, तो प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

निघताना तपासण्यांची चिठ्ठी मिळाली: एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), मानसोपचारतज्ज्ञांची भेट, स्लीप स्टडी. बिलं मूळ प्रतीत जपून ठेवा, असं मेडिक्लेमचे दावे बघणाऱ्या टीपीएच्या डेस्कवरच्या माणसाने बजावलं. आमच्या पॉलिसीत ॲडमिट होण्याआधीच्या ३० दिवसांतलाच खर्च धरतात, त्यामुळे तपासण्या उगाच लवकर उरकण्यात अर्थ नव्हता.

स्लीप स्टडी गंभीर निघाली. तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळला की गंभीर धरतात. घोरणं कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं! आता रात्री सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारा मास्क, लावते. भूल देण्याआधी काही आठवडे तो वापरायला हवा म्हणे. फाइल टीपीएकडे आहे. तोवर डाएटिशियनने दोन सवयी लावायला सांगितल्यात: घास बारीक चावायचा आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. पहिली जमतेय. दुसरी भाकरी-ठेच्याच्या दिवशी अजिबात नाही.