कोणते सात?

"आफ्रिकेत गेलात, तेही भर पावसाळ्यात? कशाला?" भिशीत, लग्नात, अगदी भाजीवाल्यासमोर उभी असतानाही मला हे कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

कारण काही थोर नव्हतं. लेक तेव्हा इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबाला नोकरीला होती, मला रजा जुलैतच मिळाली आणि तिकीट स्वस्त होतं. इथिओपियाच्या पर्यटनाची जुनी जाहिरात 'तेरा महिने ऊन' अशी आहे. तिथल्या पंचांगात महिने खरोखरच तेरा असतात, शेवटचा फक्त पाच-सहा दिवसांचा. ऊन मात्र जुलैत शोधावं लागतं. जून ते सप्टेंबर तिथला मोठा पावसाळा, त्याला 'किरेम्त' म्हणतात.

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं धरून मी सुती कुर्ते भरून नेले. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, आणि हे अख्खं शहर सुमारे २३५० मीटरवर वसलेलं! पहिल्या दिवशी दोन जिने चढताना कठडा धरून दोनदा थांबले. दुपारी वीसेक अंश, रात्री दहा-अकरा. तिसऱ्या दिवशी बाजारातून 'गाबी' आणली. हातमागाची, चार पदरी, जाड सुती चादर. परत येईपर्यंत ती घरात माझ्या अंगावरून उतरली नाही.

पाऊस आपल्यासारखा नाही, हे आधी लक्षात घ्या. मुंबईत २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता. आदिसला वर्षाकाठी बाराशेच्या आसपास पडतो. आठवडाभर झड लागली, कपडे वाळेनात, असं तिथे माझ्या वाट्याला आलं नाही. सकाळ बहुधा धुतल्यासारखी लख्ख. दुपारकडे उत्तरेच्या एन्टोटो डोंगरावर ढग जमतात, गडगडाट होतो आणि तास-दीड तास धो धो, कधी गारांसकट. म्हणून बाहेरची कामं सकाळीच उरकायची. हे मला कळलं होतं, आणि तरी मी फसले.

एन्टोटोला जायचं होतं. लेकीने ऑफिसला निघण्याच्या घाईत रखवालदाराला सांगून दुसऱ्या दिवसासाठी गाडी ठरवली, 'सात वाजता'. मी पावणेसातला डबा, पाणी घेऊन फाटकाशी हजर. सात झाले, आठ झाले, दहा झाले. डबा मी घरीच खाल्ला. दुपारी बरोबर एकला हॉर्न वाजला, आणि ड्रायव्हरदादा वेळेवर आल्याच्या समाधानात हसत होते! तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे सात म्हणजे आपला दुपारचा एक. सूर्य वर्षभर सहाच्या आगेमागेच उगवतो, त्यामुळे हिशेब सोयीचा. आपल्याकडेही घटका-प्रहर सूर्योदयापासूनच मोजत. नावं तरी कुणाला ठेवणार?

वर जाताना दुतर्फा निलगिरी. मेनेलिक राजाची आधीची राजधानी या डोंगरावर होती. खाली गरम पाण्याचे झरे होते, ते ताइतू राणीला आवडले आणि १८८६मध्ये नवं शहर तिथे वसलं. नाव दिलं 'नवं फूल', म्हणजेच आदिस अबाबा. पुढे सरपणासाठी झाडं तुटत गेली, तेव्हा ऑस्ट्रेलियातली निलगिरी आणून लावली. आजही बायका तिच्या फांद्यांचे भारे पाठीवर घेऊन, कमरेत वाकून उतार उतरताना दिसतात. भारा बाईपेक्षा लांब.

अर्ध्या वाटेत गारा सुरू झाल्या. दादांनी गाडी एका पत्र्याच्या घरापाशी लावली, आत कॉफीचं छोटं दुकान होतं. जमिनीवर ओलं हिरवं गवत पसरलेलं. एक बाई बुटक्या स्टुलावर, पुढ्यात कोळशाची शेगडी. तिने हिरव्या बिया धुतल्या, छोट्या तव्यावर काळपट होईस्तोवर भाजल्या, मग तो धुरकट तवा प्रत्येकाच्या नाकाशी फिरवला. बिया कुटून 'जबेना'त घातल्या. हे काळ्या मातीचं भांडं, पोट गोल, मान लांब. सोबत मक्याच्या लाह्या. पत्र्यावर गारांचा असा ताशा वाजत होता की बोलणं अशक्य. सगळे नुसते एकमेकांकडे बघून हसत होतो. एकाच पुडीवर पाणी घालत तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. तिसरी आशीर्वादाची, ती न घेता उठायचं नाही. मी एरवी चहावाली, पण तिन्ही घेतल्या. तिसरा कप संपेपर्यंत पत्रा शांत झाला होता.

वर पोचल्यावर दादांनी दोन्हीकडे हात करून दाखवलं. उत्तरेच्या उतारावरचं पाणी निळ्या नाईलला मिळून इजिप्तपर्यंत जातं. दक्षिणेकडचं आवाश नदीत, आणि ती समुद्राला मिळतच नाही. वाळवंटातल्या सरोवरांत संपते. आपण आढ्यावर उभं राहावं आणि दोन्ही बाजूंच्या पागोळ्या दोन देशांत पडाव्यात, तसं वाटलं. सकाळी सातला आले असते तर हा डोंगर मला कोरडाच दिसला असता.

खाण्याचं विचारता म्हणून: 'शिरो' मागवा. बहुधा हरभऱ्याच्या पिठाचं असतं, म्हणजे आपलं पिठलंच, फक्त भाकरीऐवजी इंजेरावर, म्हणजे आंबट, मऊ धिरड्यावर वाढतात. बुधवार-शुक्रवार तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे बिनमांसाचे उपास, त्यामुळे शाकाहारी माणसाची चंगळ. रस्त्यावर कोळशावर भाजलेली कणसंही मिळतात, पण लिंबू-तिखट-मीठ लावत नाहीत. मी पर्समध्ये तिखट-मीठ ठेवायला लागले.

चिखलाला तिथे 'चिका' म्हणतात, शब्द पाठ करावा लागला नाही. बूट जुने न्या. कोरडंच हवं असेल तर ऑक्टोबरनंतर जा, मी अडवणार नाही. जुलैत गेलात तर स्वेटर घ्या, आणि गाडी ठरवताना कोणते सात ते विचारा.