आइसलंडमधील नॉर्स अभ्यासक्रमाचा प्रवेश आणि अडलेले ट्रान्स्क्रिप्ट : माझा अनुभव

संस्कृत घेऊन बी.ए. झाल्यावर मी रेक्याविकच्या आइसलंड विद्यापीठातील 'व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स अभ्यास' या दोन वर्षांच्या एम.ए.साठी अर्ज केला. नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातील स्कँडिनेव्हियन लोकांची जुनी भाषा. इंग्रजीची परीक्षा आणि शिफारसपत्रे यांत काहीच अडले नाही. अडले ते आमच्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, आणि त्याचा संताप अजून पुरता शमलेला नाही.

तिकडे अभ्यासाचा भार क्रेडिट या एककात मोजतात; एम.ए. १२० क्रेडिटची असते, एका वर्षाची ६०. त्यामुळे माझ्या पदवीचा भारही तसा दाखवायला हवा होता. माझ्या गुणपत्रिकांवर मात्र विषय आणि शंभरपैकी गुण, एवढेच होते. चलन भरून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने प्रमाणित केलेला एकत्रित उतारा, मागितले, तर तेच गुण नव्या कागदावर टंकून मिळाले. तासिका किंवा क्रेडिट लिहून द्या, असे म्हटल्यावर 'आमच्या नमुन्यात तो रकाना नाही' हे उत्तर आले. परीक्षा विभागाने शैक्षणिक विभागाकडे पाठवले, शैक्षणिक विभागाने पुन्हा परीक्षा विभागाकडे. आणि युरोपाबाहेरील अर्जदारांची मुदत त्या वर्षी फेब्रुवारीच्या आरंभीच संपत होती, हे कोणाच्याही खिजगणतीत नव्हते. ज्या कागदावर विद्यार्थ्याचे पुढचे शिक्षण अवलंबून आहे, त्याची जबाबदारी एकाही टेबलाची नसावी, हे मला आजही अक्षम्य वाटते.

शेवटी मार्ग निघाला तो महाविद्यालयातून. विभागप्रमुखांनी प्रत्येक विषयपत्रिकेच्या तासिका नमूद करणारे पत्र दिले, त्याला मंजूर अभ्यासक्रमाच्या शिक्का मारलेल्या प्रती जोडल्या, आणि तो संच मी लेखी अर्जासह उपकुलसचिवांच्या कार्यालयात दाखल करून आवक क्रमांक घेतला. तोंडी विनंतीची कोठेही नोंद राहत नाही. आवक क्रमांक असलेल्या अर्जाला मात्र कोणाला तरी उत्तर द्यावेच लागते. अखेर ट्रान्स्क्रिप्टच्या बंद पाकिटाच्या जोडावर सही आणि शिक्का पडला, तेव्हा मला प्रवेशपत्र मिळाल्याइतका आनंद झाला.

संस्कृतच्या विद्यार्थ्याने या विषयाकडे बिचकून पाहू नये. जुन्या नॉर्समध्ये चार विभक्ती आणि तीन लिंगे आहेत, सर्वनामांत द्विवचनही आहे; रूपे पाठ करण्याची सवय असलेल्याला वर्गात लवकर सूर सापडतो. खरे कष्ट हस्तलिखिते वाचताना पडतात, कारण जुने लेखक ज्यावर लिहीत त्या चामड्याची बचत करण्यासाठी शब्दांचे संक्षेप करीत. एड्डाकाव्याचे, म्हणजे देव आणि वीरांवरील जुन्या नॉर्स कवितांचे, सुमारे १२७० मधील मुख्य हस्तलिखित १९७१ मध्ये डेन्मार्कने आइसलंडला परत केले. त्या पानांच्या छायाचित्रांतील एक ओळ आधाराशिवाय वाचता येणे ही माझ्या शिक्षणातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आहे.

हा विषय का शिकायचा हे सांगणाऱ्या, अर्जासोबतच्या निवेदनाबद्दल सांगायचे राहिले. त्यात मी रास्मुस रास्क यांच्याविषयी लिहिले होते. १८११ मध्ये आइसलंडिकचे व्याकरण प्रसिद्ध करणारे हे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ १८२० मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी मिळवलेली अवेस्ताची, म्हणजे संस्कृतला जवळच्या भाषेतील पारशी धर्मग्रंथाची, हस्तलिखिते कोपनहेगनला गेली. 'व्हायकिंगांचे आकर्षण आहे' असे लिहिण्यापेक्षा आपल्या आधीच्या अभ्यासाचा असा धागा दाखवावा.

खर्चाचे म्हणाल तर माझ्या वेळी आइसलंडच्या सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नव्हते, फक्त वार्षिक नोंदणीशुल्क होते. नॉर्वेने मात्र २०२३ पासून युरोपाबाहेरील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क लावले आहे, त्यामुळे अर्जाच्या वर्षीचे नियम तपासून घ्यावेत. आणि ट्रान्स्क्रिप्टची बंद पाकिटे पहिल्याच चलनात चार-पाच मागून घ्यावीत, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाने मागितल्यास त्या खिडकीवर पुन्हा जावे लागणार नाही.