तुम्ही विचारलंत म्हणून: ते राज्य नेमकं कुठलं?

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात वांगी निवडताना लोक विचारतात. मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात देता देता विचारतात. परवा एका मुंजीत तर गुरुजींनीच विचारलं, तेही अंतरपाट घडी करता करता. "काका, तुमच्या कथेतलं ते तेलाचं राज्य म्हणजे कतारच ना?" दांडिया बाजारातली जुनी मंडळी मात्र डोळे मिचकावतात. "छे, आपलं बडोदंच ते. राजा म्हणून सयाजीरावच काढलेत." आणि तिसरे असतात, ज्यांना मी आजवर हसून टोलवलं. ते म्हणतात, सतरा वर्षं कतारात काढलीत, मग राजा असा देवमाणूस का रंगवलात?

ज्यांनी मंडळाच्या दिवाळी अंकातले ते चार भाग वाचले नसतील त्यांच्यासाठी दोन ओळी. वाळवंटातलं एक छोटं राज्य, नाव मुद्दामच दिलेलं नाही. तेल लागतं. राजा शाळा काढतो, दवाखाने काढतो, वीजपाणी फुकट देतो. मात्र दर माणशी वर्षाला एक आणा कर घेतो. प्रधान म्हणतो, खजिना ओसंडून वाहतोय, हा आणा कशाला? राजा म्हणतो, हिशेब विचारायला माणसाने काहीतरी भरलेलं असावं लागतं.

या एका आण्यावर मी बेहद्द खूश होतो. अजूनही आहे, लपवत नाही.

तो आणा बडोद्याचा आहे, हे कबूल. गायकवाडांच्या राज्याला तेल नव्हतं, शेतसारा होता. ज्याच्या घामातून तिजोरी भरते त्याच्याकडे राजाला थोडं तरी बघावं लागतं. सयाजीरावांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 साली ते राज्यभर नेलं. मुलाला शाळेत धाडलं नाही तर दंड. आमच्या पणजोबांना तो झाला होता म्हणे, आणि आमचे अण्णा, म्हणजे वडील, ते सन्मानपत्र मिळाल्यासारखं सांगायचे. तिकडे कतारात मामला उलटा. दुखानला 1940 च्या सुमारास तेल लागलं, 1949 साली पहिलं जहाज गेलं, पुढे गॅस निघाला. राज्यकर्त्याला प्रजेकडून एक दमडी नको. उलट प्रजेलाच द्यायचं: घर, शिक्षण, औषधपाणी, नोकरी. मग प्रजा हिशेब कशाच्या जोरावर मागणार? 2021 च्या ऑक्टोबरात तिथे शूरा परिषदेच्या, म्हणजे तिथल्या विधिमंडळाच्या, 45 पैकी 30 जागांसाठी पहिली निवडणूक झाली, आणि 2024 च्या नोव्हेंबरात सार्वमत घेऊन ती पद्धत बंदही झाली. कुणी दगड मारला नाही.

पण नुसतं कतार म्हणाल तर तेही नाही, आणि नुसतं बडोदं म्हणाल तर सयाजीरावांनंतरचं बडोदं आठवा. 1939 साली तीच गादी, तीच तिजोरी नातवाकडे, प्रतापसिंहांकडे आली. 1949 च्या मेमध्ये संस्थान विलीन झालं आणि 1951 साली भारत सरकारने त्यांची मान्यताच काढून घेतली. माझ्या राजाला मी मुलगाच दिलेला नाही, हे किती जणांच्या लक्षात आलं? तिथे मी घाबरलो होतो.

आता तो तिसरा प्रश्न, देवमाणसाचा.

1998 साली मी कतारमधल्या मेसईदला गेलो. इथे बडोद्याजवळ कोयलीच्या बाजूच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करत होतो, तेच काम तिकडे, पगार चौपट. पहिल्या वर्षी अण्णांना लिहिलेली पत्रं आईने जपून ठेवली होती, ती मध्यंतरी सापडली. वाचवत नाहीत. "इथे कर नाही. रस्त्यावर खड्डा नाही. फाईल अडत नाही. निवडणुका नाहीत म्हणून काही अडतंय असं वाटत नाही." हे लिहिणारा माणूस अडतीस वर्षांचा होता, मूर्ख नव्हता, आणि त्याने लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला त्याच्याशी भांडायचं असतं तेव्हा हीच पंचाईत होते.

2008 सालची 30 सप्टेंबर. तिकडे रमजान ईद, इकडे घटस्थापना. पहाटे धाकट्या भावाचा फोन. "दादा, अण्णांना रात्री ॲडमिट केलंय. श्वास लागतोय. निघ." बस, एवढंच.

तेव्हा तिथून बाहेर पडायला एक्झिट परमिट लागायचं. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही त्या देशात आहात तो, सही करणार तेव्हा विमानतळावर शिक्का. कर्ज बुडवून कुणी पळू नये म्हणून हा कायदा, असं सांगायचे. मी एका रियालचा देणेकरी नव्हतो. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली ऑफिसात, ऑफिस रविवारपर्यंत बंद. सहीचा अधिकार दोघांना. एक साहेब कुटुंबासह परदेशी गेलेले. दुसरे होते गावातच, पण त्यांचं नाव सरकारी कागदावर अजून चढायचं होतं.

आमचा मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा माणूस, सुदानी होता. ऐन ईदच्या सकाळी, पांढऱ्या शुभ्र कपड्यात, घरची पंगत सोडून तो मला गाडीत घालून निघाला. वॉचमनला उठवलं. किल्लीवाल्याच्या घरी गेलो, तो मशिदीत. तिथे गेलो, तो सासुरवाडीला. दुपारी किल्ली मिळाली, पासपोर्ट हातात आला, आणि त्याचा उपयोग काय हे दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांचा फोन लागेना. मंदूबने रस्त्याकडेच्या टपरीवरून दोन करक चहा आणले आणि गाडीत बसून म्हणाला, "तुझ्या बापासाठी मी संध्याकाळी दुआ मागेन." मागितलीही असणार.

बुधवार गेला. रात्री भावाने फोन अण्णांच्या कानाशी धरला. मी काय बोललो ते आठवत नाही. मागे कुठूनतरी गरबा ऐकू येत होता, लाऊडस्पीकरवरचा ढोल, आणि मधूनच ऑक्सिजनचा बुडबुड आवाज. गुरुवारी, 2 तारखेला दुपारी अण्णा गेले. खासवाडीच्या स्मशानात संध्याकाळी भावाने अग्नी दिला. थोरला मी.

रविवारी सकाळी साहेब परतले. मला बघून खुर्चीतून उठले. "मला कळवायचं ना कसंही करून!" सही केली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण मिनिटभराच्या आतलं काम. तिकिटाचे पैसे कंपनीने दिले, पंधरा दिवस पगारी रजा दिली. मुंबईमार्गे मी सोमवारी संध्याकाळी घरी पोचलो, तेव्हा अस्थीसुद्धा गोळा झालेल्या होत्या.

लोकांना इथे खलनायक हवा असतो. "म्हणजे छळलंच की तुम्हाला!" नाही हो. सगळे चांगले वागले. राजाने तर माझं नावही ऐकलेलं नव्हतं. कुणाचा राग करायचा ते मला आजही सांगता येत नाही, आणि म्हणूनच, तुम्ही विचारता तेव्हा मी हसून टोलवतो.

आणि मी नोकरी सोडली का? नाही. पुढे सात वर्षं राहिलो. मुलीचं शिक्षण व्हायचं होतं, मांजलपूरच्या फ्लॅटचे हप्ते होते. भाऊ एकदाच म्हणाला, "तुला परत जाववतं कसं?" त्याच्या घराच्या वरच्या मजल्यालाही माझेच पैसे लागलेले होते, हे मी त्याला ऐकवलं. ऐकवायला नको होतं. ती परमिटची अट पुढे 2018 साली बहुतेक कामगारांसाठी उठली. मी 2015 सालीच परतलो होतो.

याच काळातली एक गोष्ट, जिच्यातून कथा सुचली. 2009 च्या मार्चमध्ये दोहात एका लिलावात बडोद्याची मोत्यांची चादर विकली गेली, सुमारे 55 लाख डॉलरला. ज्यांच्या नावाच्या मार्केटात मी वांगी घेतो त्याच खंडेराव महाराज गायकवाडांनी ती 1865 च्या सुमारास करवून घेतली होती, मदिनेला अर्पण करायची म्हणून, असं सांगतात. दहा लाखांवर बसऱ्याचे मोती, म्हणजे आखातातलेच. कमरेला दोर बांधून, नाकाला चिमटा लावून पाणबुडे ते काढायचे, आणि बरेचसे सावकाराच्या कर्जात जन्मभर अडकलेले असायचे. आता ती चादर दोहाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोती इथे आले, चादर होऊन तिथे परतले. त्या दिवशी मला वाटलं होतं, गोष्ट लिहावी तर ही. लिहायला बसलो तेव्हा मात्र चादर बाजूला राहिली आणि राजा पुढे आला. पाणबुडे तर कुठेच आले नाहीत.

अंक आला तेव्हा मुलीने पुण्याहून फोन केला. कौतुक केलं. मग म्हणाली, "बाबा, तुझ्या राज्यात तेलाच्या विहिरीवर काम कोण करतं?"

मी चारही भाग पुन्हा चाळले. तेल वाहतं, व्हॉल्व्ह उघडतात, जहाजं भरतात. एकही हात नाही. ज्या माणसाने आयुष्यभर अठ्ठेचाळीस डिग्रीत कंट्रोल व्हॉल्व्ह उघडून पाहिले, त्याने लिहिलंय की व्हॉल्व्ह आपोआप उघडतात! खऱ्या कतारमध्ये दहा माणसांत नागरिक जेमतेम एक, बाकी आम्ही. माझ्या राज्यात सगळेच नागरिक, सगळेच एक आणा भरणारे. मुलीला म्हटलं, आदर्श राज्य आहे ते, सगळं कशाला दाखवायचं. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" तिच्या आजोबांवर गेलंय.

आम्हाला आत घेतलं असतं तर माझा एक आणा कोसळला असता. आमच्याकडूनही आणा घ्यायचा का? घेतला तर हिशेब विचारू द्यायचा का? यावर राजा काय म्हणेल, हे मला आजही सुचत नाही. कुणी म्हणेल, मग देवमाणूस कसला तो. असेलही. पण तो वाईट असता तर अण्णा वेळेवर भेटले असते का? चांगल्या राजाच्या राज्यातही सही करणारा सुट्टीवर जातोच.

यंदा पाचवा भाग लिहायला घेतलाय. राजा गावाला गेलेला आहे. दारात एक परका माणूस कागद घेऊन उभा आहे, टेबलामागे एक कारकून. मला त्या कारकुनाला निर्दय करायचंय, म्हणजे प्रसंग उभा राहील. चार वेळा लिहून पाहिलं. चारही वेळा तो खुर्चीतून उठतो, बाहेर जातो आणि दोन चहा घेऊन येतो.